मशीनच्या खोलीतली भाकडं

बानाबाई टँकरमधून उतरल्या, तेव्हा हनुमानच्या मनात पहिल्यांदा आलं की गेटवरच्या वॉचमननं हे पाहिलं असणार. आईनं यायला शनिवारच का निवडला, हे त्याला दुसऱ्याच क्षणी कळलं. सोमवारी करमाडच्या मळ्यावर बद्रीनाथ व्यापारी येणार होता आणि बासष्टच्या बासष्ट मेंढरं गाडीत घालून नेणार होता. मेंढरांना पाणी उरलं नव्हतं. विहिरीत होतं नव्हतं ते रोज सकाळी याच टँकरमध्ये भरून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत यायचं आणि हनुमानच्या कंपनीच्या छतावर चढायचं.

"माय, गाडी पाठवली असती की मी," तो धावत पुढं झाला.

"पाठवतोस की रोज. पान्याला," बानाबाई म्हणाल्या. "तिच्यातच बसले." मग वळून त्यांनी ड्रायव्हरला बजावलं, "मोतीराम, मी खाली आल्याबिगर पाईप लावायचा नाय. सांगून ठेवते."

मोतीरामनं मालकाकडं पाहिलं, मालकाच्या आईकडं पाहिलं आणि शहाण्या माणसासारखी बिडी पेटवली.

२०१६ सालचा तो वैशाख. पावसानं पाठ फिरवल्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. जालना रोडच्या दोन्ही अंगांनी शेंद्र्यापर्यंत पत्र्याची शेडं उभी राहत होती आणि करमाडच्या अलीकडं, जिथं हनुमानच्या बापानं, सूर्यभाननं, अर्धं आयुष्य मेंढरं वळली, तिथं प्लॉटच्या पाट्या लागल्या होत्या. एमआयडीसीनं कारखान्यांचं पाणी कापलं होतं. बाहेरचा टँकर वेळेवर मिळेना, म्हणून हनुमाननं आपल्याच विहिरीवर मोटर बसवली. 'सूर्यभान डिजिटल'चा कारभार दवाखान्यांची, पतसंस्थांची, कॉलेजांची कागदपत्रं स्कॅन करून जपून ठेवण्याचा. ती जपणारी चौदा मशीन एका बंद खोलीत होती आणि त्या खोलीला अठरा अंशांवर गार ठेवायला पाण्यावर चालणारा एक अवजड एसी प्लांट होता. एका बंद पडलेल्या गिरणीकडून दोघा भावांनी तो स्वस्तात आणला होता आणि त्या खरेदीचं कौतुक त्यांनी पुढं दोन दिवाळ्या ऐकवलं होतं. प्लांट दिवसाला एक टँकर पीत होता.

वर काचेच्या केबिनमध्ये सगळे आधीच जमले होते. हनुमानची बायको रत्नमाला, धाकटा भाऊ शिवशंकर आणि भांडणाचं मूळ म्हणजे शालू. हनुमानची ही थोरली लेक पुण्याला कॉम्प्युटर शिकून आली होती आणि वर्षभरापासून कंपनीतली मशीन सांभाळत होती. समोर टेबलावर एक फॉर्म पडला होता. शेंद्र्याच्या एका मोठ्या कंपनीनं आपल्याला काम देणाऱ्या-घेणाऱ्या सगळ्यांना तो पाठवला होता. तुमच्या संगणकांना वर्षाला वीज किती लागते, पाणी किती लागतं, कमी करायला तुम्ही काय करता? पाण्याच्या रकान्यात हनुमाननं लिहिलं होतं, 'लागू नाही'. शालूनं ते खोडून खाली लिहिलं होतं, 'रोज एक टँकर, करमाडच्या आमच्या विहिरीतून'.

"घरातलं पाणी गावाला दाखवायची काय गरज होती?" आई बसायच्या आतच हनुमाननं सुरू केलं. चार दिवस तो हेच बोलत होता.

"पप्पा, खोटं लिहायचं का मग? आणि उपाय आहे म्हणून लिहिलं ना. चौदा मशीन लागतच नाहीत आपल्याला. नकोत ती बंद करू. खोली अठराऐवजी सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवू, मशीन बनवणाऱ्यांनीच चालतं म्हणून लिहिलंय. मग तुमचा तो गिरणीवाला राक्षस लागणारच नाही. खोलीत अडीअडचणीला लावलेले दोन साधे एसी पुरतात. त्यांना थेंबभर पाणी लागत नाही."

"आणि एखाद्या दवाखान्याचे कागद गायब झाले तर? तू होतीस का तेव्हा?"

'तेव्हा' म्हणजे काय ते केबिनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी एका कारागिरानं धूळ झाडताना चुकीचं मशीन बंद केलं, आणि शहरातल्या एका दवाखान्याला तीन दिवस आपल्याच रुग्णांचे कागद मिळाले नाहीत. सूर्यभान स्वतः त्या डॉक्टरपुढं हात जोडून उभा राहिला होता. परत येऊन त्यानं मशीनच्या खोलीच्या दारावर स्वतःच्या हातानं, ऑइलपेंटनं लिहिलं : या खोलीतले एकही मशीन बंद करू नये. वर्षाच्या आत तो गेला. अक्षरं राहिली.

"दादाचं बरोबर आहे," शिवशंकर म्हणाला. दादाचं बरोबर असायचंच. बाप गेल्यावर दादानं त्याला शिकवलं, लग्न करून दिलं, कंपनीत निम्मा वाटा दिला. तेव्हापासून दादाचं चुकलेलं त्याला आठवत नव्हतं. पण आज हे बोलताना त्याचा आवाज थोडा खाली होता, आणि ते फक्त रत्नमालाच्या लक्षात आलं.

बानाबाईंनी फॉर्मकडं पाहिलंसुद्धा नाही. "म्या काय तुमच्या कंपनीत लुडबूड कराया आले नाय," त्या म्हणाल्या. "बद्रीनाथला मीच सांगावा धाडला. मेंढरं मरताना बघन्यापरीस गेलेली बरी. फक्त जायच्या आधी एकदा बघू द्या म्हनलं, आपलं पानी पितंय तरी कोन."

मशीनच्या खोलीच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या. आत पाऊल टाकलं आणि पदर घट्ट ओढून घेतला. बाहेर बेचाळीस अंश आणि इथं पौषातली पहाट. मशीनवर लक्ष ठेवणारा सम्यक स्वेटर घालून बसला होता. आजींना पाहून तो उठला आणि स्वतःची खुर्ची पुसून त्यानं पुढं केली.

"हे काय करतं रं, बाळा?" बानाबाईंनी पहिल्याच रांगेतल्या एका डब्याला बोट लावलं.

"हे दवाखान्यांचं, आजी. दिवसरात्र चालू असतं."

"अन् हे?"

"हे पतसंस्थांचं."

"हे?"

सम्यकनं हनुमानकडं पाहिलं. "हे सात नंबरचं. माझ्या आधीपासून आहे."

"ते इचारलं नाय म्या. करतं काय?"

सम्यकला चौदापैकी चारच मशीनचं नक्की सांगता आलं. बाकी दहांचं म्हणजे कुणी तरी लावलेलं, कुणाच्या तरी कामाचं असेल, बंद करायचं नाही म्हणून चालू. एकात काम सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांचे कागद असावेत, दुसऱ्यात त्याच कागदांच्या नकला, तिसऱ्यात बहुधा नकलांच्याही नकला. दिवे मात्र सगळ्यांचे लुकलुकत होते. बानाबाई खोलीभर फिरल्या. प्रत्येकाच्या मागं हात धरून त्यांनी गरम वारा लागतो का ते पाहिलं. सगळीकडं सारखाच लागत होता.

"म्हंजी भाकडं हायेत ह्यांच्यात," त्या म्हणाल्या. "भाकड मेंढरू दुभत्याएवढंच पितं. कमी पीत नाय."

शालूला हसू आलं. हेच ती चार दिवस तक्ते दाखवून सांगत होती.

"पण माय, भाकड कोणतं ते कळायचं कसं?" हनुमान म्हणाला. "तेच तर म्हणतोय मी. वरून सगळी सारखी दिसतात."

"मेंढरं काय येगळी दिसतेत व्हय? दोनशे मेंढरांत कंची आटली अन् कंचीला कोकरू हाय, हे तुझा बाप कसं वळखायचा? ध्यानात हाय का इसरला?"

हनुमान विसरला नव्हता. दहा वर्षांचा असताना त्यानंच ते काम केलं होतं. संशय आलेली मेंढी कळपातून काढायची, वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या पलीकडं वेगळी बांधायची आणि गप बसून राहायचं. तिचं कोकरू असेल तर ते थोड्या वेळानं ओरडणारच. ओरडलं की मेंढी परत आत. दिवस मावळेपर्यंत कुणीच ओरडलं नाही, तर ती भाकड.

"येगळी बांधा," बानाबाई म्हणाल्या. "मारू नका, इकू नका. नुसती येगळी बांधा, अन् वरडतंय कोन ते बघा."

सम्यक आणि शालूनं एकमेकांकडं पाहिलं. "मशीन चालूच ठेवायचं," सम्यक हळूच म्हणाला. "फक्त मागची केबल काढायची. म्हणजे बाहेरच्यांशी त्याचं बोलणं बंद. कुणाला लागत असेल तर त्याचा फोन येईल. परत लावायला पाच सेकंद."

"शनिवारी कामाच्या दिवशी?" हनुमान म्हणाला.

"कामाच्या दिवशीच, पप्पा. सुट्टीच्या दिवशी कोण ओरडणार?"

"मला मान्य नाही. शिवा, सांग हिला."

शिवशंकर भिंतीला टेकून उभा होता. टँकरचं सगळं तोच पाहायचा. त्यानं घसा खाकरला. "दादा, मी काल विहिरीत उतरलो होतो. मोटर खाली घ्यायला." तो थांबला. "आता खाली घ्यायला जागा नाही. दोन हात पाणी आहे, त्यात निम्मा गाळ. मेंढरं सोमवारी विकली, तरी पुढच्या सोमवारी प्लांट बंदच पडणार आहे."

"हे तू मला काल का नाही सांगितलं?"

"तुझं बरोबर असतं ना नेहमी," शिवशंकर म्हणाला आणि स्वतःच दचकला.

हनुमाननं बायकोकडं पाहिलं. घरात कुणी आपल्या बाजूनं राहिलं नाही की तो तिकडं पाहायचा. रत्नमाला फोनच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसली होती, वही-पेन घेऊन. "मी फोन घेते," ती म्हणाली. "आणि तो फॉर्म आता खोडाखोडी करून काही उपयोग नाही. टेबलावरची नक्कल आहे. मूळ मी मंगळवारीच पाठवला. शालूनं लिहिलेला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आत्याबाईंनी मेंढरांचा सौदा केलेला मला कळला होता. मग कुणाला तरी खरं सांगायला नको का?"

चार माणसं एका बाजूला झाली की पाचव्यानं करायचं काय? हनुमान खुर्चीत बसला. "करा," तो म्हणाला. "फोन आला की मी सांगेन ते ऐकायचं."

साडेअकराला पहिली केबल निघाली. वीस मिनिटं सगळे फोनकडं बघत बसले. फोन गप्प. दुसरी निघाली. तिसरी. पोहे आले, कुणी खाल्ले नाहीत, बानाबाई सोडून. त्यांना वाट बघायची सवय होती. "कोकरू लगेच वरडत नाय," त्या शालूला सांगत होत्या. "भूक लागल्यावर वरडतं. घाई करू नये." शालूचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. गणित बरोबर आहे हे तिला माहीत होतं. पण आजीचा सोमवार त्या गणितावर उभा आहे, याची तिला आता भीती वाटत होती. खालून मोतीरामनं दोनदा विचारलं, पाईप लावू का? छतावरच्या टाकीत संध्याकाळपुरतंच पाणी होतं.

पाचवी केबल निघाली आणि फोन खणखणला.

हनुमान उडून उभा राहिला. "बघा! बघा, म्हणत होतो की नाही!"

रत्नमालानं फोन उचलला. फर्दापूरचा लॉजवाला होता. लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या नकला तो इथं ठेवायचा. "भाभी, फाईल खुलत नाही हो, काय लफडा झाला?"

सम्यकनं केबल परत खोचली. मग फोनमधून आवाज आला, "हां, खुली. शुक्रिया हां," आणि फोन बंद झाला.

एवढंच. हनुमान अजून उभाच होता. सात वर्षं ज्या फोनला तो घाबरत होता, तो आला आणि गेला, आणि छत डोक्यावर पडलं नाही. त्याला हसावं की बसावं कळेना. तो बसला.

"गावलं हिचं कोकरू," बानाबाई म्हणाल्या. "फर्दापूरला व्हतं." आणि शिवशंकर इतका मोठ्यानं हसला की शेजारच्या हॉलमध्ये कागद स्कॅन करणाऱ्या मुलींनी मान वर केली. रत्नमालानं पोहे पुन्हा गरम करून मागवले.

तीन वाजेपर्यंत नऊ मशीन वेगळी बांधून झाली. त्यांतलं फर्दापूरचं तेवढं परत कळपात आलं होतं. उरलेल्या आठांसाठी कुणीच ओरडलं नाही. शालूनं ठरवलं की ही आठ आता पूर्ण बंद करायची, पण महिनाभर कपाटात जपायची. महिन्याच्या अखेरीला कुणी आठवण काढली तर परत लावता येतील. भंगारवाल्याचं नंतर बघू, तेही नीट परवानगी असलेल्याकडं. बटणं दाबली गेली तशी खोलीतली घरघर एकेक पायरी उतरत गेली.

राहिलं एक नंबरचं. दहावं, संशयातलं शेवटचं.

ते कोपऱ्यात होतं, पिवळट पडलेलं, खोक्यासारखं. चौदा वर्षांपूर्वी सूर्यभान फुलंब्रीच्या तहसीलसमोरचं झेरॉक्सचं दुकान सोडून शहरात आला, तेव्हा त्यानं घेतलेलं हे पहिलं. शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा त्यानं यावर उधळला होता आणि म्हणाला होता, हे देवाचं. फटींमध्ये हळद अजून होती. त्याच्या केबलला सम्यकनं हात लावला नाही. शालूही जागची हलली नाही.

"त्याला राहू द्या," हनुमान म्हणाला.

"ह्याच्यात काय हाय, हनुमाना?" बानाबाईंनी विचारलं.

"काही नाही. मला माहितेय, काही नाही." त्यानं दुसरीकडं पाहिलं. "सकाळी मी पहिला येतो. दार उघडलं की सगळ्या आवाजात ह्याच्या पंख्याची खरखर वेगळी ऐकू येते. बाप आधीच येऊन बसलाय असं वाटतं. बस, एवढंच आहे त्यात."

बानाबाई उठल्या आणि लेकाजवळ आल्या.

"मलाबी त्या बासष्टात तुझा बाप दिसतो," त्या म्हणाल्या. "मी त्येंचा सौदा केला तवा तू इचारलं का मला, माय, तुला काय वाटतंय म्हून?"

हनुमाननं मान हलवली. नाही, त्यानं विचारलं नव्हतं. सौदा झाल्याचं कळलं तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आता विहीर पूर्ण कंपनीची झाली म्हणून. हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती चेहऱ्यावर दिसली.

"देवाला सोडलेलं मेंढरू इकत नाय," बानाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्येची लोकर काढत नाय, त्येला कामाला बी जुपत नाय. मोकळं सोडतेत. अन् तुमी ह्याला चौदा वर्सं उभं करून ठिवलंय. आता बसू दे त्येला. घरी घिऊन ये. देव्हाऱ्याच्या बाजूला ठिवू."

"पण दारावर अण्णांनी लिहिलंय..."

"ज्या दिशी लिव्हलं त्या दिशी तो भेदरलेला व्हता रं. त्या डॉक्टरपुढनं आला अन् जेवला बी नाय. नीट ऱ्हायला असता तर त्यानंच येगळी बांधून बघितली असती."

हनुमाननं एक नंबरच्या माथ्यावर हात ठेवला. गरम होतं. मग त्यानंच बटण दाबलं. खरखर थांबली. त्याला वाटलं होतं आता काहीतरी तुटेल. पण नुसती शांतता झाली, आणि त्या शांततेत उरलेल्या पाच मशीनचा मंद आवाज पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला. तो चांगला आवाज होता. काम करणाऱ्यांचा.

छतावरचा प्लांट शिवशंकरनं स्वतः बंद केला आणि खोलीतले दोन साधे एसी लावले. तासभर सगळे खोलीतल्या तापमापकाभोवती उभे होते. बावीस. चोवीस. पंचवीस. सव्वीस. मग काटा तिथंच राहिला. सम्यकनं स्वेटर काढला आणि घडी करून पिशवीत टाकला.

पाच वाजता टँकर जसा आला तसा भरलेला करमाडला परत निघाला. पुढं तिघं होते : मोतीराम, मध्ये बानाबाई, खिडकीशी हनुमान. मांडीवर त्यानं एक नंबरचं खोकं धरलं होतं, टॉवेलात गुंडाळून. शेंद्रा मागं पडल्यावर बानाबाई म्हणाल्या, "बद्रीनाथला मी बलावलं. परतव तू."

त्यानं तिथंच फोन लावला. बद्रीनाथ आधी चिडला, मग म्हणाला, मला काय, मेंढरं जगत असतील तर चांगलंच आहे.

मळ्यावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. मोतीरामनं पाईप हौदात सोडला. पाण्याचा वास आला आणि वाघरीतली मेंढरं एकदम उठली. हनुमाननं दार बाजूला केलं आणि तीस वर्षांत काढली नव्हती ती मेंढरं बोलवायची आरोळी त्याच्या तोंडून आपोआप निघाली. चुकली नाही. बासष्टच्या बासष्ट हौदावर येऊन भिडली, एकमेकांच्या पाठीवर चढत, गलका करत. बानाबाई काठी टेकून बघत होत्या. डोळ्यांतलं पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

तेवढ्यात शालूचा फोन आला.

"पप्पा, सहा वाजून गेले. अजून एकही फोन नाही. कुणीच ओरडलं नाही!" तिचा आवाज आनंदानं फाटत होता. "ऐकताय ना? कुणीच नाही!"

"थांब," हनुमान म्हणाला, आणि त्यानं फोन हौदाच्या दिशेनं धरला. "ऐक. ही ओरडतायत."